कोरडा ट्रे

पदुबाई मढवी, वय एकसष्ट, राहणार करावे गाव.
गळ्यात लिंबाएवढी गाठ घेऊन
नेरूळच्या आमच्या थिएटरात
स्ट्रेचरवर बसूनच आल्या. आडवं व्हायला तयार नाहीत.
"झोपवणार तर तूच हायेस ना गं? मग आताच कशाला?"

मी भूल देणारी.
माझं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही.

त्या धवलारीण.
चाळीस वर्षं गावच्या नवऱ्यामुलींना
हळदीपासून मांडवापर्यंत गळ्याने पोचवलेलं.
म्हणजे अवसरे सर आज जिथे चीर देणार
तिथून अर्ध्या गावाची लग्नं लागली आहेत.

आवाज राहील का, हे त्यांनी सरांना विचारून झालं होतं.
मला विचारलं ते वेगळं:
"वकायला नाय ना होणार?
माझ्या भावजयीचं ठाण्याला झालेलं हेच.
रातभर वकली, दोनी हातांनी मान धरून,
हंडा घसरताना धरतात तशी."

त्या रात्रीचा उतारा माझ्यापाशी होता.
दोन मिली. डेक्सामेथासोन, आठ मिलिग्राम.
दिसायला पाणी,
किमतीला शेवंतीच्या वेणीहून स्वस्त.
मान कापली की आतलं मांस चिडतं, सुजतं,
मेंदूकडे तक्रारीवर तक्रार धाडतं.
हे औषध चिडण्याआधीच समजूत काढायला जातं.
फक्त चाल संथ. पोचायला तास-दोन तास लागतात,
म्हणून त्याला सगळ्यांच्या आधी घरून निघावं लागतं.

पण साखर एकशे बासष्ट होती
आणि स्टेरॉइड ती वाढवणार, हे मला ठाऊक.
अँपूल बोटांत फिरवत मी थोडा वेळ उभी राहिले.
दुसऱ्या पारड्यात घालून पाहिला
उलटीचा एकच हिसका,
ताज्या टाक्यांखाली सुटलेली बारीकशी रक्तवाहिनी,
श्वासनलिकेवर फुगत जाणारं रक्त.

अँपूलची मान मोडली.
(मोडायला तिलाही मानच असते.)

जागेपणी झटकन दिलं तर
नको त्या जागी मुंग्या डसल्यासारखं होतं;
पुस्तकात हे फार सभ्यपणे लिहिलंय.
म्हणून आधी झोप लागू दिली.
मग हळूच सोडलं. सरांनी सुरी मागायच्या आत.

दुपारी वॉर्डात
जिन्सी सिस्टरने उशाशी किडनी ट्रे ठेवलेला.
तीन वाजता कोरडा.
सहा वाजता कोरडा.
सातला त्यात कुणीतरी मोबाइलचा चार्जर टाकला.

दुखतंय का? दहापैकी किती?
"दहापैकी? मासळी हाय का मोजून द्यायला?"
तरी दोन बोटं वर केली,
मग एक अर्धं मिटलं. दीड.

आवाज घोगरा, कडेला खरखरीत,
पण फोनवर मुलाला फैलावर घेण्याइतका शाबूत:
"गच्चीवरचा जवला काढलास का नाय?"
गाण्यापुरता तो उरलाय का,
हे आज कुणीच सांगू शकत नाही.
औषध तर नाहीच.

साखर दोनशे अठरा.
चार युनिट इन्शुलिन लिहिलं.
फुकट काहीच मिळत नाही, तेही लिहायला हवं होतं.

केसपेपरवर टाके, रक्तस्राव, कॅल्शियम,
सगळ्यांना रकाने आहेत.
न झालेल्या उलटीला नाही.
पेन तिथे उगाच थबकलं.

"माघात सारसोळ्याला हळद हाय," पदुबाई म्हणाल्या,
"ये. नाव काय तुझं?"
सांगितलं.
त्यांनी ते एकदा ओठांतल्या ओठांत घोळवलं.
"विसरंन मी," म्हणाल्या, "पण तू ये."

चार्जर उचलून खिडकीत ठेवला.
ट्रे पुन्हा उशाशी सरकवला.
रात्र अजून बाकी होती.